नर्सिंगची सी.ई.टी. : पेपर सोडवण्याआधी वाचायला शिका

व्यापार-उद्योगाच्या या पानावर सुताचे भाव, जी.एस.टी.चे नियम आणि बाजारातील मंदी यांच्यामध्ये नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे काय काम, असे काही वाचक बांधव विचारतील. विचारणे रास्त आहे. आमचे उत्तर असे की, ज्या घरात माग चालतो, शिलाईचे मशीन आहे, जरीचे, रफूचे किंवा रंगाईचे काम आहे, त्या घरात आज बारावी सायन्स झालेली एखादी मुलगी हमखास सापडते. तिच्या फीचा, क्लासचा आणि पुढच्या चार वर्षांचा खर्च बापाला आपल्या धंद्यातूनच काढावा लागतो. भांडवल कोठे घालावे आणि ते बुडू नये म्हणून काय पाहावे, हा प्रश्न मग धंद्याचाच झाला.

प्रथम व्यवहाराची माहिती. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि ए.एन.एम. दोन वर्षांचे. बी.एस्सी.साठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवे, खुल्या वर्गाला 45 टक्के गुण हवेत आणि प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वयाची 17 वर्षे पूर्ण हवीत. महाराष्ट्रात 2023 पासून राज्य सी.ई.टी. कक्ष या अभ्यासक्रमासाठी वेगळी परीक्षा घेतो. प्रश्न 100, वेळ 90 मिनिटे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगची अभिरुची, असे पाच भाग, प्रत्येकी 20 गुणांचे. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. परीक्षा संगणकावर होते आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मुलगेही बसू शकतात, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे नर्स म्हटले की मुलगीच समजतात.

आता 90 मिनिटांना 100 ने भागा. एका प्रश्नाला 54 सेकंद येतात. या 54 सेकंदांत प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे, विचार करायचा आणि खूण करायची. ज्या मुलीला इंग्रजी वाक्य दोनदा वाचावे लागते, तिचा वेळ विज्ञानात नव्हे, वाचण्यातच संपतो. म्हणून वाचून समजणे हा फक्त इंग्रजीच्या 20 गुणांचा मामला नाही. पाचही भागांतला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक छोटा उताराच आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. तेव्हा ‘इक्तिबास’ वाचून सवालांचे जवाब लिहायचे आणि त्याला ‘तफहीम’ म्हणायचे. पण खरे सांगायचे तर ती तफहीम नव्हतीच. सवालातला एखादा शब्द इक्तिबासात शोधायचा, ती ओळ जशीच्या तशी उतरवायची आणि गुण घ्यायचे. मास्तरही खूश, आम्हीही खूश. मालेगाव, भिवंडीपासून कोकणापर्यंत आमची मुले दहावीपर्यंत उर्दूत शिकतात, ‘तेजाब’ आणि ‘खलिया’ म्हणत विज्ञान शिकतात आणि अकरावीला एकदम ॲसिड आणि सेल समोर येतात. शब्द तर वर्षभरात पाठ होतात. ओळ शोधून उतरवण्याची सवय मात्र जात नाही आणि सी.ई.टी.त नेमकी तीच घात करते.

ही सवय काय किंमत वसूल करते ते आम्ही दुकानात भोगले आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका गिरणीचे शर्तीचे पत्र आले. इंग्रजीत होते. आम्ही त्यात 30 दिवस हा आकडा पाहिला, सूट हा शब्द पाहिला आणि पत्र फाइलला लावले. माल दुकानात उतरला त्या दिवसापासून 30 दिवस मोजून पैसे पाठवले. गिरणीने सूट नाकारली. पत्र काढून पुन्हा वाचले तेव्हा दिसले की मुदत बिजकाच्या तारखेपासून होती, आणि माल रस्त्यात आठ दिवस होता. शब्द सगळे ओळखीचे होते. वाक्य वाचले नव्हते. गिरणीचा यात काही दोष नव्हता. त्या हंगामाचा नफा त्या एका ओळीत गेला.

दुकानदाराचा नफा जातो. नर्सच्या हातून काय जाऊ शकते, याचा विचार करा. हायपोटेन्शन म्हणजे रक्तदाब कमी, हायपरटेन्शन म्हणजे जास्त. फरक दोन-तीन अक्षरांचा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे. ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’, ‘ताप 38 च्या वर गेला तरच’ आणि ‘ताप 38 च्या वर गेला तरी’, हे वाचण्याचेच काम आहे. परीक्षेत वाचन का तपासतात ते यावरून समजावे.

आमच्या गल्लीतील एका रफूगराची मुलगी दुसऱ्यांदा ही परीक्षा देणार आहे. बायोलॉजीत हुशार. घरी सोडवलेल्या सराव पेपरांत बायोलॉजीला 20 पैकी 17, आणि इंग्रजीला 7. तिच्या वडिलांनी आमच्याकडे क्लाससाठी उसने पैसे मागितले. आम्ही म्हटले, पैसे देऊ, पण आधी पाहू तरी की चुकते कोठे. कपड्यात दोष निघाला तर आम्ही आधी ताका उलगडतो, दलालाला फोन नंतर करतो. तिला बसवून तिचे चुकलेले प्रश्न एकेक तपासले. बहुतेक चुका व्याकरणाच्या नव्हत्याच.

नमुना म्हणून तिला एक उतारा आम्हीच लिहून दिला होता. तो येथे मराठीत देतो. वाचकांनी आपल्या मुलांबरोबर करून पाहावा.

‘1971 साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण इतके होते की त्यांना जमिनीवर झोपवावे लागे. शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली. रुग्णांचे नातेवाईक त्यातून कप भरभरून रुग्णांना पाजू लागले. मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले.’

प्रश्न : या उताऱ्याचा मुख्य आशय कोणता? पर्याय पहिला, कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो. दुसरा, 1971 साली पश्चिम बंगालमध्ये निर्वासित आले. तिसरा, सलाइन हा कॉलऱ्यावर निरुपयोगी उपाय आहे. चौथा, तोंडावाटे पाजलेल्या साध्या मिश्रणाने, नातेवाइकांच्या हातूनही, जीव वाचू शकले.

त्या मुलीने पहिला पर्याय लावला. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “चाचा, हे तर खरेच आहे ना? पुस्तकात आहे.” खरे आहे, यात शंका नाही. पण उताऱ्यात हे कोठे लिहिले आहे? कोठेच नाही. हुशार मुलांची ही सर्वांत मोठी चूक. ती आपल्या डोक्यातले ज्ञान उताऱ्यात वाचतात. गिऱ्हाईक सुती मागते आणि आपण आपल्या पसंतीचे टेरिकॉट फाडून देतो, त्यातला हा प्रकार.

दुसरा पर्याय उताऱ्यात आहे, शब्दशः आहे, म्हणून उर्दू माध्यमातल्या सवयीची मुले तोच उचलतात. पण तो एक तपशील आहे, आशय नाही. आशय ओळखण्याची आमची कसोटी अशी की ते वाक्य काढून टाकले तर बाकीचा उतारा उभा राहतो का? निर्वासितांचे वाक्य काढले तरी रुग्णालय, सलाइन, पिंपे आणि नातेवाईक यांची गोष्ट शिल्लक राहते. मिश्रणाचे वाक्य काढले तर काहीच शिल्लक राहत नाही.

तिसऱ्या पर्यायात ‘निरुपयोगी’ हा शब्द आहे. उतारा म्हणतो साठा संपत आला, पर्याय म्हणतो उपयोगच नाही. असे टोकाचे शब्द, म्हणजे नेहमी, कधीच नाही, सर्व, फक्त, इंग्रजीत ऑल्वेज, नेव्हर, ऑल, ओन्ली, दिसले की थांबावे आणि उताऱ्यात तेवढे जोरदार विधान खरोखर आहे का ते पाहावे. पुष्कळदा नसते. मात्र असा शब्द दिसला की डोळे मिटून खोडायचे, हेही चूक. कधी कधी उताराच तसे म्हणतो.

आता त्याच उताऱ्यावर दुसऱ्या जातीचा प्रश्न. नातेवाइकांच्या हाती पिंप देण्यावरून काय अनुमान निघते? ‘हे काम करण्यास फार प्रशिक्षण लागत नव्हते’, हे निघते. ‘तेथील नर्सना काम येत नव्हते’, हे निघत नाही. पहिल्याला उताऱ्यात आधार आहे, दुसरा आपला गैरसमज. व्यापारी माणसाला हे समजावून सांगायला नको. गिऱ्हाइकाची हुंडी दोनदा उशिरा आली तर त्याचा हात तंग आहे असे अनुमान निघते. तो बेईमान आहे असे निघत नाही. जेवढा पुरावा तेवढेच अनुमान, एक धागाही जास्त नाही.

शब्दांच्या अर्थाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे आमच्या मुलांकडे एक दौलत आहे जी त्यांना ठाऊकच नाही. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. मीम, लाम, काफ अशी तीन अक्षरे समोर आली तर तो शब्द मुल्क असू शकतो, मलिक असू शकतो, मलक म्हणजे फरिश्ता असू शकतो, मिल्क म्हणजे मालमत्ताही असू शकतो. चौथीतले पोरही न अडखळता बरोबर वाचते. कसे? मागचा-पुढचा मजकूर पाहून. वाक्यात बादशहाचा दरबार असेल तर मलिक, सरहद असेल तर मुल्क. हेच काम इंग्रजी परीक्षेत ‘अधोरेखित शब्दाचा येथे कोणता अर्थ आहे’ या प्रश्नात करायचे असते. जी मुले रोज हा हिशेब उर्दूत करतात, तीच इंग्रजीत अनोळखी शब्द दिसला की हातपाय गाळतात आणि डिक्शनरी मागतात. परीक्षेत डिक्शनरी नाही. ‘डिस्चार्ज’ शब्द घ्या. दवाखान्यातून सुट्टी, जखमेतून वाहणारा पू, बॅटरीतून निघणारी वीज, तिन्हींना इंग्रजीत तोच शब्द. वाक्यात जखम आणि पट्टी असेल तर सुट्टीचा अर्थ लागणार नाही. रफूगराच्या मुलीला हे उर्दूच्या उदाहरणाने सांगितले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली की हे तर आम्ही रोजच करतो. त्या दिवसापासून शब्दार्थाच्या प्रश्नांना तिने घाबरणे सोडले.

सरावाची पद्धत आम्ही काय लावली ते सांगतो. फज्रनंतर एक उतारा, रोज, सुट्टी नाही. लांबी दीडशे ते अडीचशे शब्द. बालभारतीची अकरावी-बारावीची इंग्रजीची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात आणि सी.ई.टी.चा अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच आहे, तेव्हा महागडे गाईड घेण्याआधी ती संपवावीत. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावू नये. उतारा वाचून पुस्तक मिटायचे आणि आपल्या भाषेत, उर्दूत किंवा मराठीत, दोन वाक्यांत खुलासा सांगायचा. सांगता आला नाही तर समजले नाही, मग शब्द कितीही ओळखीचे असोत. घरी इंग्रजी जाणणारे कोणी नसले तरी चालते. तिची अम्मी खुलासा ऐकते, आणि अम्मीला कळला तर मुलीला कळला असे धरतो. अम्मी फार चांगले सवाल विचारते, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून घड्याळ. आधी प्रश्न वाचावा की उतारा, यावर क्लासवाल्यांत वाद आहे. आमचे मत असे की फक्त प्रश्न पाहावा, पर्याय पाहू नयेत. चार पैकी तीन पर्याय खोटे असतात, ते आधी डोक्यात गेले तर उतारा वाकडा दिसू लागतो. प्रश्न पाहून उतारा एकदा सलग वाचावा, मग उत्तर मनात तयार करावे आणि नंतर पर्याय उघडावेत. भाव मनाशी ठरवून लिलावाला बसणारा सहसा ठकत नाही.

चुकांची वही ठेवावी. किती चुकले एवढेच लिहून भागत नाही, का चुकले ते लिहावे : माझे ज्ञान वाचले, तपशिलाला आशय समजले, नॉट किंवा एक्सेप्ट सुटला, घाई झाली. महिन्याच्या शेवटी कोणते कारण जास्त वेळा आले ते मोजावे. आम्ही खातेवहीत बुडीत खाती अशीच काढतो. त्या मुलीच्या वहीत ‘नॉट सुटला’ हे कारण सर्वांत जास्त निघाले आणि ते इंग्रजीपेक्षा बायोलॉजी व केमिस्ट्रीत जास्त होते. ‘पुढीलपैकी कोणते विधान बरोबर नाही’ अशा प्रश्नात ती पहिले बरोबर विधान पाहूनच खूण करीत होती. येणारे गुण हातचे जात होते. तेव्हापासून असा प्रश्न आला की ती कच्च्या कागदावर प्रथम फुली काढते आणि मगच पर्याय वाचते.

परीक्षा संगणकावर असल्यामुळे उताऱ्याखाली पेन्सिलने रेघ ओढता येत नाही. म्हणून शेवटचा महिना पडद्यावरच वाचावे. मोबाइलचा पडदा लहान, शक्य तर कोणाच्या दुकानातला संगणक तासभर मागून घ्यावा. आमच्या दुकानात असर आणि मगरिबच्या दरम्यान गिऱ्हाईक कमी असते, त्या वेळी बिलाचा संगणक आम्ही तिला देतो. गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, हेही तिला तेथेच शिकवले.

एक उतारा मात्र सर्वांनी, मुलांनी आणि बापांनीही, वाचायचा आहे. तो म्हणजे दरवर्षीची माहितीपुस्तिका. शर्ती आणि तारखा बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर आणि आमच्या या लेखावरही विसंबू नये. आमच्या ज्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, त्यांना नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागते आणि ते ‘कोणत्या तारखेला काढलेले’ व ‘कोणत्या तारखेपर्यंत चालणारे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरात प्रमाणपत्र होते, शिक्का होता, सही होती, मुदत संपली होती. मुलगी खुल्या वर्गात गेली आणि जागा हुकली. नावाचेही तसेच. शाळेच्या दाखल्यावर शेख एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, बापाचे नाव एकीकडे मोहम्मद पूर्ण आणि दुसरीकडे नुसते मोहं. हे परीक्षेच्या आधी सहा महिने दुरुस्त करून घ्यावे, फॉर्म भरायच्या आठवड्यात होत नाही.

काही बुजुर्ग अजून म्हणतात की रात्रपाळी, परके पुरुष, हे आमच्या मुलींचे काम नाही. त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. एवढेच सांगतो की गझवा-ए-खंदकनंतर जखमी हजरत साद बिन मुआझ रजि. यांना हजरत रुफैदा रजि. यांच्या तंबूत ठेवले होते आणि तो तंबू मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता. रात्री मुलीला घरी कोण आणणार, वसतिगृह कसे आहे, हे प्रश्न मात्र खरे आहेत आणि कॉलेज निवडताना बापाने स्वतः जाऊन पाहावेत.

पुढे परदेशी जाण्याचा विचार असेल तर वाचनाची परीक्षा पुन्हा येते, आणि जास्त कडक. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला वाचनात आयेल्ट्सचे 7 किंवा ओ.ई.टी.ची बी श्रेणी हवी असते. ओ.ई.टी. खास आरोग्य क्षेत्रातील लोकांसाठी आहे. तिच्या वाचनाला 60 मिनिटे आणि 42 प्रश्न. त्यात पहिल्या 15 मिनिटांत चार छोटे मजकूर आणि 20 प्रश्न असतात. त्यानंतर दवाखान्यातल्या सूचना, नियमपत्रके असे सहा तुकडे आणि मग दोन लांब लेख. त्या सहा तुकड्यांचा सराव आजही घरात होतो. ओ.आर.एस.चे पाकीट घ्या. एक पाकीट, एक लिटर स्वच्छ पाणी, तयार पाणी 24 तासांनंतर फेकून द्यायचे. आता मुलीला विचारा : पेल्यापुरते अर्धे पाकीट टाकले तर चालेल का? सूचनेत तसे लिहिलेले नाही, पण उत्तर सूचनेतच आहे. पेल्यात अर्धे पाकीट म्हणजे मीठ ठरल्यापेक्षा किती तरी जास्त, आणि ते लहान मुलाला घातक ठरू शकते.

रफूगराच्या मुलीचा इंग्रजीचा आकडा दोन महिन्यांत 7 वरून 13 वर आला आहे. क्लासचे पैसे तिच्या वडिलांनी अजून नेलेले नाहीत. ते म्हणतात, 15 च्या पुढे अडकली तर नेईन.